चालायला लागली का?

आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढताच विचारतो. मराठी असेल तर "काय, चालायला लागली का?" आणि शेजारपाजारचा असेल तर "बिटिया चलने लगी क्या?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे आम्हालाही कळतं. पण "नाही" म्हणावं तर पोरीनं एवढ्या वर्षांत जे कमावलंय ते सगळं पाण्यात, आणि "हो" म्हणावं तर लगेच "मग चालून दाखव बरं!" वहिनी हल्ली नुसतंच "चहा टाकते" म्हणून आत जातात.

म्हणून हे लिहायला घेतलं. पाठीच्या कण्याला मार लागलेलं माणूस घरात असलं की बरं होणं म्हणजे काय काय असतं, त्यात पायांचं किती आणि बाकीचं किती, हे ज्यांच्यावर नुकतीच ही वेळ आलीय त्यांना कळावं. काही गोष्टी अगदी उघड लिहिणार आहे. पुतणीला आधी वाचून दाखवलंय. तिनं दोन ठिकाणी काट मारली आणि म्हणाली, "बाकी राहू दे काकू. लघवीबद्दल कुणीच लिहीत नाही."

ती माझ्या मोठ्या दिरांची, म्हणजे भाऊजी आणि वहिनींची मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमचं घर इंदुरात रामबागेच्या बाजूला, आजेसासऱ्यांच्या वेळचं. इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे नळ आले की घरात पळापळ. कुणी मोटर लावतं, कुणी हौद बघतं आणि कुणाला तरी टाकी बघायला वर जावं लागतं. आमची टाकी जिन्याच्या टपावर, तिला लोखंडी शिडी. उतरताना तिचा पाय निसटला आणि गच्चीवर न पडता ती मागच्या बोळात पडली.

शुद्धीवर होती. मला म्हणाली, "काकू, पाय सरळ कर ना माझे, दुमडलेत." पाय सरळच होते. पायांकडून मेंदूला नवा निरोप जाणं बंद झालं की शेवटची स्थितीच खरी वाटत राहते, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी मात्र ते ऐकून माझ्याच पायांतलं बळ गेलं.

भाऊजी तिला काखेत हात घालून उचलायला वाकले, तेवढ्यात समोरचे काका ओरडत आले, "हात लावू नका कुणी!" काका महूच्या लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आमच्या दिवाणावरची प्लाय काढून आणवली, एका बाजूला तिघांना बसवलं, स्वतः डोकं धरलं आणि एक-दो-तीन म्हणत तिला ओंडका लोटावा तसं अख्खं एका रेषेत कुशीवर वळवून प्लायवर घेतलं. मान नाही वळली, कंबर नाही वाकली. १०८ची गाडी आली तेव्हा ती प्लायसकट आत गेली. एमआरआय बघताना सर्जननी पहिलं विचारलं ते हेच, की हिला उचललं कसं. सांगितल्यावर मान डोलावली.

बारावा मणका फुटला होता. दवाखान्यात त्याला डी १२ म्हणतात, बरगड्यांच्या मणक्यांतला शेवटचा. उंचावरून पडणाऱ्यांचा बहुतेक इथेच आसपास जातो, कारण वरचा भाग बरगड्यांनी बांधलेला आणि खालचा कमरेचा हलता, सगळा ताण या सांध्यावर येतो. हाडाचा तुकडा मागे सरकून कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाबत होता. त्याच रात्री ऑपरेशन झालं, स्क्रू आणि रॉड बसवले. सर्जन फार बोलणारे नव्हते. "मी हाड बसवलंय. मज्जारज्जू शिवता येत नाही. त्याला मोकळं केलंय, आता किती जागा होतो ते बघू," एवढंच.

त्यांची एक तपासणी मी विसरणार नाही. एका हातात कापसाचा बोळा, दुसऱ्यात टाचणी. तिला डोळे मिटायला सांगून छातीपासून खाली यायचे, "टोचतंय की नुसतं लागतंय?" जांघेपर्यंत ती धडाधड सांगत होती. मांडी आली आणि गप्प. गुडघा, पोटरी, तळवा, काहीच नाही. भाऊजी उठून बाहेर गेले. मग डॉक्टरांनी सिस्टरच्या मदतीनं तिला कुशीवर केलं आणि गुदद्वाराच्या कडेला कापूस लावला. "इथे?" ती जरा थांबून म्हणाली, "हो. काहीतरी लागतंय." डॉक्टरांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

मज्जारज्जूच्या अगदी शेंड्याच्या नसा तिथे येतात. तिथली संवेदना शिल्लक असली तर इजा अर्धवट आहे, म्हणजे सगळ्याच तारा तुटलेल्या नाहीत. जगभर यासाठी 'ए' ते 'ई' अशी प्रत लावतात. 'ए' म्हणजे त्या शेंड्याच्या नसांतसुद्धा काही नाही, 'ई' म्हणजे सगळं पूर्ववत. आमची 'बी' निघाली. स्पर्श थोडा आहे, ताकद नाही. आणि सुरुवातीचे काही आठवडे मज्जारज्जू शॉकमध्ये असतो, तेव्हाच्या परीक्षेवरून जन्माचं भविष्य सांगू नये, असंही बजावलं. ज्या जागेचं नाव घरात कुणी मोठ्यानं घेत नाही तिच्यावर सगळी आशा टांगलेली होती. वहिनींनी ही बातमी नातेवाइकांना फोनवर कशी सांगितली असेल? "थोडी संवेदना आहे हो." कुठे, ते गुलदस्त्यात.

घरी आणल्यावरची पहिली लढाई कातडीशी. आपण झोपेत कितीतरी वेळा कूस बदलतो, कारण दुखतं. तिला दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून हाडाखालची कातडी तासन् तास दबून राहते, तिथलं रक्त थांबतं आणि आतून सडायला सुरुवात होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. हवेची गादी आणली, पण तिच्या भरवशावर दोन तासांचे चार करायचे नाहीत. रात्री दहाची पाळी सासूबाईंची, बाराची यांची, दोनची माझी, चारची वहिनींची. सहाला भाऊजी उठायचेच. माझा मुलगा तेव्हा नववीत होता. त्यानं दाराला तक्ता चिकटवला, उजवी-डावी-पाठ असे रकाने, कूस बदलणाऱ्यानं सही करायची. यांच्या रकान्यात एकदा आधीच पुढच्या दोन सह्या मारलेल्या सापडल्या, तेव्हा सासूबाईंनी पन्नाशीच्या मुलाला झापलं.

सकाळी आंघोळ घालताना माकडहाड, खुबे, घोटे, टाचा बोटानं तपासायच्या. लाल डाग दिसला की त्यावर बोट दाबायचं. बोट उचलल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर ठीक, रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिलं तर त्या बाजूवर आता अजिबात झोपवायचं नाही, डाग जाईपर्यंत. आमच्या सासूबाईंनी हौसेनं जुन्या नऊवारीची गोधडी शिवून आणली होती, मऊसूत. पण गोधडीला टाके असतात, आणि टाक्याची रेघही उमटते. चादरीची सुरकुती, मागच्या खिशाची शिवण, बिछान्यात राहिलेलं पेनाचं टोपण, सगळंच वैरी. थंडीत आपल्याकडे पायाशी गरम पाण्याची पिशवी द्यायची पद्धत. ती पहिल्याच दिवशी घरातून हद्दपार केली, कारण भाजलं तरी कळणार नाही.

आणि गंमत बघा, ज्या पायाला टाचणी कळत नव्हती त्याच पायांत रात्री आग व्हायची. "निखाऱ्यावर ठेवलेत कुणीतरी" म्हणायची. घरातल्या निम्म्यांना वाटलं आता जीव येतोय, निम्म्यांना वाटलं नाटक. ती नसांची वेदना असते. दुखावलेली तार स्वतःच खोटे निरोप पाठवत राहते. त्याला वेगळ्या गोळ्या असतात आणि त्यांनी बऱ्यापैकी उतार पडतो. तेल लावून पडत नाही.

आता लघवी. सुरुवातीला नळी आणि पिशवी होती. ती कायमची ठेवली तर संसर्ग पाठ सोडत नाही. नुसती काढून टाकली तर मूत्राशय भरतं आणि कळतच नाही, जास्त भरलं तर लघवी उलटी किडनीकडे चढते. एके काळी कणा मोडलेली माणसं पायांनी नव्हे, किडनीनं जायची. यावर उपाय म्हणजे दर चार ते सहा तासांनी एक बारीक नळी स्वतः घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. ऐकूनच वहिनींनी पदर तोंडाला लावला. ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक घरात कुठून करणार? पण तसं लागतच नाही. अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस नावाच्या युरॉलॉजिस्टनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की साबणानं धुतलेले हात आणि स्वच्छ नळी एवढं पुरतं. वेळ पाळणं महत्त्वाचं, कारण ताणलेलं मूत्राशयच संसर्गाला बळी पडतं.

त्याच १९७२ साली आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. ६५च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान, पुढे २०१८ मध्ये पद्मश्री. त्यांची गोष्ट आम्हाला व्हॉट्सॲपवर इतक्या जणांनी पाठवली, की पुतणी म्हणाली, "मला पडायच्या आधीही पोहता येत नव्हतं." पेटकर थोरच. पण लॅपिडिसचा फॉरवर्ड एकानंही पाठवला नाही, आणि आमचं घर चाललंय ते त्या माणसाच्या जिवावर.

मोजायला एक प्लास्टिकचा मापाचा जग आणला. वहीत पाणी किती प्यायली आणि निघालं किती, दोन्ही. एका वेळी चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर साचू द्यायचं नाही. संध्याकाळी सातनंतर पाणी बेताचं, नाहीतर रात्रीची झोप गेली. लघवी गढूळ झाली, वास बदलला, हुडहुडी भरून ताप आला की थांबायचं नाही, तपासायला द्यायचीच. सुरुवातीला हे काम सिस्टर करायची, मग वहिनी, मग मी. पण कॉलेजात कोण येणार होतं? मुलींना जागा दिसत नाही, म्हणून छोटा आरसा लागतो. दोन मांड्यांमध्ये आरसा टेकवून, पाठ उशांना लावून ती बसायची आणि चुकली की आरसा भिंतीवर फेकायची. वहिनी म्हणायच्या, "राहू दे, मी आहे ना." त्यावर ती जे बोलायची ते त्या दोन काट मारलेल्या जागांपैकी एक.

ती हे शिकली दिल्लीला. वसंत कुंजमधलं इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर उभं केलं ते मेजर अहलुवालियांनी. मे १९६५ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेले आणि त्याच वर्षीच्या युद्धात कण्याला गोळी लागून चाकांच्या खुर्चीवर आलेले. आम्ही तिथे गेलो ते खरं तर भाऊजींच्या मित्राच्या ओळखीनं, पण ही गोष्ट कळल्यावर पुतणी म्हणाली, "निदान त्यांनी 'चालायला लागली का' विचारलं नसतं." पहिल्या दिवसापासून दिवसाचं वेळापत्रक हातात. सुरुवातीला तर नुसतं बसवलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची, इतके दिवस आडवं राहिलेल्या शरीराला रक्त वर चढवायची सवयच राहत नाही. म्हणून तिरपं करता येणाऱ्या टेबलावर पट्ट्यांनी बांधून रोज थोडं थोडं उभं करायचे.

पण तिला वळण लावलं ते तिच्यासारख्याच खुर्चीवरच्या एका मुलीनं. बिछान्यात आडवं पडून सलवार कशी चढवायची, खुर्चीतून पलंगावर सरकताना आधी ब्रेक, मग फळी, मग हात कुठे रोवायचा, पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलून ढुंगणावरचा भार कसा काढायचा, पॅड लावलंय तेव्हा कातडी कशी जपायची. यातलं आम्ही काय शिकवणार होतो? अपघातानंतर तिची पाळी बंद पडली होती. वहिनींनी मनातल्या मनात तेही गेलं असं धरलं होतं, विचारायची हिंमत नव्हती. असं काही महिने होतं आणि बहुतेकींची पुन्हा सुरू होते, कण्याच्या इजेनं गर्भाशयाला काही होत नाही, हे त्या मुलीनं सहज गप्पांत सांगितलं. दिल्लीतच सुरू झाली. वहिनींनी फोनवर ही बातमी सासूबाईंना दिली तेव्हा दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ज्या बायका "आता हिच्या लग्नाचं काय" म्हणून हळहळतात त्यांना मी हे हल्ली तोंडावर सांगते. लग्न करायचं की नाही ते ती बघेल.

इकडे मागे घराचं काम काढलं होतं. ओटा दीड फूट उंच. रॅम्पला एका इंचाला बारा इंच लांबी लागते, म्हणजे अठरा फूट. बोळ आठ फुटांचा. गवंडी म्हणाला, "भिया, सीधा चढा देते हैं, पीछे से धक्का मार देना." यांना पटलंही. मी आणि माझ्या मुलानं गल्लीतल्या एका सोसायटीच्या उभ्या रॅम्पवर मागवलेली रिकामी खुर्ची चढवून दाखवली, ती उलटली, तेव्हा वाद मिटला. शेवटी ओट्याच्या कडेनं वळवून दोन टप्प्यांत रॅम्प केला, मध्ये सपाट जागा ठेवून. सासऱ्यांनी लावलेली रातराणी त्यात गेली. बाथरूमचं दार दोन फुटी, खुर्ची चाकांसकट त्याहून दोन बोटं रुंद. भिंत फोडून दार मोठं केलं आणि लाकडी पल्ल्याऐवजी सरकता बसवला.

त्या बाथरूमवर सकाळी साडेसहा ते साडेसात तिचा हक्क. आतड्यांनाही वेळापत्रक लावावं लागतं. रोज त्याच वेळी, काहीतरी गरम पिऊन अर्ध्या तासानं, कारण पोटात काही गेलं की आतडी आपोआप हलतात. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची गोळी, थोडी बोटाची मदत, बाकी सवय. हे बसलं की दिवसभर निर्धास्त. बिघडलं की दिवस घरात. आणि बिघडवायला इंदूरसारखं शहर नाही. सकाळी पोहे-जिलेबी, त्यावर शेव, चार वाजता कचोरी. बरं, कुणाला बघायला यायचं तर रिकाम्या हातानं कसं यायचं? प्रत्येकाच्या हातात शेवेचा पुडा. आम्ही "पपई आणा" सांगायला लागलो, तर लोकांना वाटलं तिला कावीळ झालीय.

पैशाचा आणि मनाचा सगळ्यात मोठा तडाखा बसला असता तो स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचा. दुसऱ्या शहरातलं एक क्लिनिक, पाठीत इंजेक्शनं, "पॉवर वाढते" म्हणून व्हिडिओ. भाऊजींनी गावाकडच्या जमिनीचे कागद काढले होते. सर्जननी शांतपणे समजावलं, की आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल अजून उपचार म्हणून मान्य नाहीत. बाकी सगळं संशोधन, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. भाऊजी पुटपुटले, "पण त्यांचा तो मुलगा चालतोय व्हिडिओत." डॉक्टर म्हणाले, "अर्धवट इजा असेल तर पहिल्या वर्षात आपोआपही बरीच ताकद येते. तुमच्या मुलीलाही येतेय. त्या काळात जो इंजेक्शन देईल तो श्रेय घेईल." भाऊजी महिनाभर घुश्शात होते. बापाला काहीतरी करायचं असतं, आणि तक्त्यावर कूस बदलल्याची सही मारणं हे त्यांना काही केल्यासारखं वाटत नव्हतं. मग त्यांना काम सापडलं. नळवाल्याला बोलावून जीआय पाइपचे दोन समांतर बार गच्चीखालच्या पडवीत सिमेंटमध्ये बसवून घेतले, तिच्या कमरेच्या उंचीचे.

कारण ताकद खरोखरच येत होती. पहिल्यांदा उजव्या मांडीचा स्नायू नुसता फडफडला. पाय हलला नाही, पण हात ठेवला तर बोटांखाली कळायचं. फिजिओ त्याला पॉवर वन म्हणतो. सरकवला तर सरकतो ते दोन, जमिनीच्या ओढीविरुद्ध उचलला गेला तर तीन. उजवी मांडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीनवर आली, डावी दोनपर्यंत येऊन थांबली, घोट्याखाली काही आलं नाही. प्रत 'बी'ची 'सी' झाली. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंतचा कॅलिपर, म्हणजे पाय सरळ धरणारा आधार, उजव्याला घोट्याचा. ते घालून बारमध्ये ती उभी राहते, वॉकरवर पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि घामानं भिजते. हे ती रोज करते, हाडं ठिसूळ होऊ नयेत, पोट नीट राहावं म्हणून. बाहेर जायचं तर खुर्ची. ज्यांना "चालते" हेच ऐकायचंय त्यांच्यासाठी एवढं आहे.

सासूबाईंनी अपघातानंतरच्या पहिल्या चतुर्थीला खजराण्याच्या गणपतीला जाऊन उलटा स्वस्तिक काढला होता. आमच्या इंदुरात तो नवस असतो. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा काढायचा, मागणं पुरं झालं की येऊन सरळ करायचा. दिल्लीहून आल्यावर काही दिवसांनी, पोरगी आरसा आणि नळीची पिशवी मांडीवर ठेवून खुर्ची ढकलत एकटी बाथरूममध्ये गेली आणि मापाचा जग स्वतः धुऊन बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सासूबाई रिक्षा करून खजराण्याला गेल्या आणि सरळ करून आल्या. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "अगं पण चालायला कुठे लागलीय अजून?" सासूबाई म्हणाल्या, "मी काय मागितलं होतं ते मला आणि गणपतीला माहीत." नंतर मला सांगितलं, की त्यांनी पहिल्यापासून एवढंच मागितलं होतं, पोरीला परसाकडला कुणाला हाक मारावी लागू नये. आयुष्यभर सगळ्यांची आजारपणं काढलेली बाई, तिला आमच्याआधी कळलं होतं.

अपंगत्वाचं कार्ड काढा, लवकर काढा. २०१६च्या कायद्यानं एकवीस प्रकार मान्य झालेत, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असलं की शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण लागू होतं. आम्ही "बरी होईल, मग कशाला शिक्का" म्हणून टाळत होतो. तीच म्हणाली, "शिक्का नाहीये, कार्ड आहे. परीक्षेचं सेंटर तळमजल्यावर मिळतं."

बी.कॉम. एक वर्ष उशिरा झालं. कॉलेजात रॅम्प होता, पण खुर्ची वळेल असं टॉयलेट एकही नाही. त्यामुळे ती चार तासांत घरी परतेल एवढेच तास बसायची, बाकी मैत्रिणींच्या वह्यांवर. पहिल्यांदा बाहेर खायला गेली ती छप्पन दुकान या खाऊगल्लीत. तिथे २०२०च्या कामानंतर गाड्या आत येत नाहीत, फरशी सपाट आहे, खुर्ची छान जाते. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जायचा हट्टही एकदा पुरवला. त्या गर्दीत खुर्चीवरून दिसतात फक्त लोकांची पोटं आणि कढया, असं तिचं निरीक्षण. भुट्ट्याचा किस मात्र दोन द्रोण खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक बोंबललं.

मध्ये वाईट महिनेही गेले. जेवण बंद, फोन बंद, आजीवर ओरडणं. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या काही काळ चालल्या. त्याबद्दल जास्त लिहू नको म्हणाली, दुसरी काट तिथे.

आता साइड व्हील लावलेली स्कूटर आहे. विनागिअरच्या गाडीचे ब्रेक हातातच असतात, त्यामुळे वेगळं फार काही लागलं नाही. लायसन्सही निघालं. गेल्या महिन्यात एका सीएच्या ऑफिसात जीएसटीच्या कामाची जागा निघाली. तिनं फोन केला तर त्यांनी अनुभव विचारला, अपेक्षित पगार विचारला, आणि "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर हिनं विचारलं, "टॉयलेटचं दार किती इंच आहे?" त्या माणसानं दोन मिनिटं थांबायला सांगितलं, फूटपट्टी शोधली आणि मोजून सांगितलं, अठ्ठावीस. लिफ्ट आहे, जनरेटर नाही. सोमवारपासून जायचं ठरलंय. भाऊजी म्हणतात पहिला महिना मी सोडीन आणि आणीन, ती म्हणते मग स्कूटर काय शोभेला घेतली. अजून मिटलेलं नाही.